पितरांना ॲसिडचे अभ्यंग

गेल्या पौषात, आम्ही ज्या एका लहानशा मराठी मंडळाचे सभासद आहोत त्याच्या वार्षिक सभेत एक ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. ठराव असा : छत्तीसगडात विखुरलेल्या मराठी पूर्वजांच्या समाध्या, स्मृतिशिळा व वीरगळ यांची येत्या वर्षात 'संपूर्ण स्वच्छता' करण्यात यावी, त्यासाठी लागणारे ॲसिड, तारेचे ब्रश, ग्राइंडर, पाण्याचा जोरदार फवारा मारणारे यंत्र व ऑइलपेंट यांचा खर्च देणग्यांतून भागवावा, आणि प्रत्येक स्थळाची स्वच्छतेपूर्वीची व स्वच्छतेनंतरची छायाचित्रे प्रसिद्ध करावीत. ठरावाच्या विरुद्ध एकच हात वर झाला. तो आमचा होता. सभेत आम्हांला बोलण्यास तीन मिनिटे मिळाली, त्यांतली दोन ध्वनिक्षेपक दुरुस्त करण्यात गेली. उरलेले भाषण येथे करू देण्याचे औदार्य संपादकांनी दाखविले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

ठराव मांडणारे गृहस्थ आमचे स्नेही आहेत, आणि त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पूर्वजांचे दगड शेवाळाने काळे पडलेले पाहून ज्याला काहीच वाटत नाही त्याच्यापेक्षा, ते पाहून ज्याचा हात बादलीकडे जातो तो माणूस केव्हाही बरा. पण बादलीत काय आहे, हे विचारण्याचा अधिकार आम्ही सोडू इच्छीत नाही. ठरावात जी सामग्री नमूद आहे तिच्यातली एकही वस्तू जुन्या दगडाजवळ नेण्याच्या लायकीची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. या सामग्रीने जे होईल ती स्वच्छता नव्हे. तो दगडाचा नाश आहे. फरक इतकाच, की हा नाश हारतुरे घालून होणार आहे.

हे दगड कोणाचे, हे प्रथम पाहू. भिलाईत आज जी मराठी घरे आहेत त्यांतील बहुतेक पोलाद कारखान्याच्या निमित्ताने येथे आली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि आपला या भूमीशी संबंध तेव्हापासूनचा, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक तो त्याच्याही दोनशे वर्षे मागे जातो. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून १७८७ साली मृत्यू येईपर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार पाहिला. पुढे सुभेदारांचा अंमल झाला, १८१८ नंतर काही वर्षे इंग्रज अधिकारी बसले, १८३० मध्ये पुन्हा भोसले आले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. या शंभराहून अधिक वर्षांत शिलेदार आले, पुजारी आले, गोसावी आले, आणि दफ्तरे लिहिणारे कारकूनही आले. हे शेवटचे म्हणजे आमचे व्यवसायबंधू. आम्ही स्वतः केंद्र सरकारच्या एका कचेरीत लेखणी घासतो. म्हणून त्यांच्याविषयी थोडा पक्षपात आमच्या मनात असल्यास वाचकांनी क्षमा करावी.

आपल्यात दहनाची चाल असल्यामुळे मृताचा दगड ही गोष्ट मुळातच दुर्मिळ. संन्याशाला, गोसाव्याला समाधी मिळे. रणात किंवा गुरे सोडवताना पडलेल्याचा वीरगळ उभा राही. सती गेलेल्या बाईची शिळा, तीवर कोपरात वाकलेला चुडेभरला हात. आणि एखाद्या बऱ्या स्थितीतल्या घराने दहनस्थानी बांधलेले वृंदावन किंवा रोवलेला पादुकांचा दगड. बाकीचे सगळे नदीत गेले. त्यामुळे जो दगड उरला आहे तो हजारांतून एक उरला आहे. इकडे नर्मदेच्या काठी रावेरखेडीस थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी ते तेथे वारले हे शाळकरी मुलालाही सांगता येते. उद्या त्या समाधीचे काही झाले, तरी बाजीरावांचे नाव शेकडो पुस्तकांत राहील. आमच्या शिवनाथेच्या काठच्या कारकुनाचे नाव जगात एकाच ठिकाणी होते. ते त्याच्या दगडावर होते.

'होते' असे आम्ही म्हटले, कारण ते आता नाही. ते आम्ही पुसले. ही हकीकत सांगितल्याशिवाय आमच्या विरोधाला काही अर्थ उरणार नाही, म्हणून ती संकोच सोडून सांगतो.

चार वर्षांपूर्वी, सर्वपित्री अमावास्येच्या आधीच्या रविवारी, आम्ही आठ जण शिवनाथेच्या काठच्या एका खेड्यात गेलो. आंब्याच्या एका जुन्या झाडाखाली कमरेइतका उंच एक दगड उभा होता. या मुलखात घरोघरी जमिनीला घालतात त्या फर्शीचाच तो दगड, फक्त जाड. वर चंद्रसूर्य, मध्ये पादुकांची जोडी, खाली देवनागरीत तीन ओळी. दगडावर काळसर पापुद्रा चढला होता आणि वर्षभराच्या पावसाने हिरवट शेवाळ धरले होते. तरीही बोटे फिरवली की तिसऱ्या ओळीच्या आरंभी 'शके' लागत होते, आणि दुसऱ्या ओळीत कोठेतरी 'सुत' लागत होते. म्हणजे अमुकाचा मुलगा तमुक, अमुक शकात वारला. एवढी माहिती त्या पापुद्र्याखाली दोनशे वर्षे सुरक्षित होती.

आम्ही बरोबर न्हाणीघर धुण्याच्या ॲसिडच्या चार बाटल्या नेल्या होत्या. पहिली बाटली आमच्या हातात होती. ती ओतताच दगड फसफसू लागला, पांढरा फेस आला, आणि आम्ही आठही जण आनंदाने ओरडलो, की पाहा, मळ कसा निघतो आहे! तो मळ नव्हता. तो दगड होता. नंतर तारेचे ब्रश चालले. अर्ध्या तासात शिळा दुधासारखी पांढरी झाली. पलीकडे बकऱ्या राखणारा एक म्हातारा मघापासून उभा होता. त्याने एवढेच विचारले, "पथरा ला काबर छोलत हव, बाबू?" दगड का सोलता आहात, असे तो विचारत होता. आमच्यापैकी एकाने त्याला स्वच्छतेचे महत्त्व समजावून सांगितले.

अक्षरे वाचायला आम्ही पुढे झालो, तेव्हा वाचायला काही उरले नव्हते. पहिल्या ओळीचा आरंभ पुसट दिसत होता. 'सुत' दिसत होते. कोणाचा सुत, आणि त्या सुताचे नाव काय, या दोन्ही जागा गुळगुळीत झाल्या होत्या. शकाच्या आकड्यांतला पहिला एक तेवढा राहिला, आणि तो एक असणार हे आम्हांला दगडाशिवायही ठाऊक होते. घरी आल्यावर आम्ही भ्रमणध्वनीवरचे 'पूर्वीचे' छायाचित्र शोधले. ते निघाले. त्यात शिळेपुढे मंडळाचे फलक धरून आम्ही आठ जण हसत उभे आहोत, आणि खालच्या तिन्ही ओळी फलकाने झाकल्या आहेत.

दोन पावसाळ्यांनंतर आम्ही एकटेच पुन्हा तेथे गेलो. दगडाचा वरचा थर साखरेसारखा खरबरीत झाला होता. बोटाला पीठ लागत होते. खरबरीत झालेल्या अंगावर पाणी अधिक टिकते, म्हणून शेवाळ पूर्वीपेक्षा दाट आले होते. आणि सर्वत्र तपकिरी ठिपके पडले होते. ब्रशाच्या तारांचे बारीक तुकडे दगडाच्या रंध्रांत अडकून गंजले होते. पोलादाच्या गावच्या माणसांनी पितरांना दिलेली ही भेट!

आता रसायनाची गोष्ट. ती सांगायला आम्ही कोणी शास्त्रज्ञ नव्हे; आम्ही कलाशाखेचे पदवीधर. पण भिलाईत राहणाऱ्या माणसाला ती न कळण्याचे काहीच कारण नाही. दुर्ग-रायपूरचा हा सारा सपाट पट्टा चुनखडीचा आहे. आपल्या कारखान्याच्या झोतभट्टीत जी चुनखडी पडते ती इथल्याच नंदिनीच्या खाणीची. लोखंडाच्या खनिजातला निकामी भाग स्वतःत सामावून घेऊन त्याचा स्लॅग करणे, हे तिचे भट्टीतले काम. सांगायचा मुद्दा असा, की ज्या दगडाला आपण 'फर्शी' म्हणून पायाखाली घेतो तो कठीण दिसला तरी रासायनिकदृष्ट्या भोळा आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब पडला की त्यातून वायू निघतो, चुना विरघळतो, आणि मागे जे क्षार उरतात ते दगडात मुरतात. ते हवेतला ओलावा ओढतात, सुकतात, पुन्हा ओले होतात, आणि प्रत्येक वेळी दगडाचा एकेक कण सुटा करतात. म्हणजे ॲसिडची बाटली त्या दिवशी संपली, तरी तिचे काम संपत नाही. पाण्याने धुऊन टाकू, असे कोणी म्हणेल. आत शिरलेले धुतले जात नाही. 

आमच्या स्नेह्यांच्या चुकीचे मूळ आम्हांला येथे दिसते. ते पोलादाचे तंत्र दगडाला लावीत आहेत. पोलादाच्या धंद्यात पत्र्यावरचा मळ काढायला त्याला आम्लात बुडवतात, तारेच्या चाकाने घासतात, वाळूचा मारा करतात; कारण तेथे खालचा धातू सगळीकडे सारखा असतो, आणि वरचा थर गेला तरी वस्तू तीच राहते. दगडावरचा लेख ही गोष्ट उलटी आहे. लेख असतो तो वरच्या एखाद्या सुतभर जाडीतच. ती जाडी गेली की खाली उत्तम, निर्मळ, मुका दगड शिल्लक राहतो. चुनखडीचा कठीणपणा जेमतेम तांब्याच्या नाण्याइतका. तिच्यावर पोलादी तार फिरवणे म्हणजे हस्तलिखित स्वच्छ करण्यासाठी त्यावर किसणी फिरवणे होय.

सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांला ऐकवले, की आमच्या साताऱ्याकडे हे सर्रास करतात आणि दगडाला काही होत नाही. साताऱ्याकडचा दगड काळा बेसॉल्ट, इकडचा चुनखडी किंवा वालुकाश्म. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही, हे उघड आहे. पण साताऱ्याकडेही 'काही होत नाही' हे आम्ही मान्य करीत नाही. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये ठिकठिकाणी पोकळ्या असतात आणि त्यांत कॅल्साइटचे व झिओलाइटचे पांढरे दाणे बसलेले असतात. आम्ल त्यांना खाते. दाणा गेला की खड्डा पडतो, खड्ड्यात पाणी साचते. बेसॉल्ट दीर्घकाळ सहन करतो इतकेच. आणि सहन करणाऱ्याला काही होत नाही असे समजण्याची चूक आपण माणसांच्या बाबतीतही करतोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा होता. "खेडुतांनी या दगडांवर शेंदूर फासला, तेल ओतले, ऑइलपेंट दिला, तेव्हा तुमचा विरोध कोठे होता? आम्ही धुतो म्हणताच तुम्हांला दगडाची कीव आली?" याचे उत्तर देताना आम्हांला दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. ऑइलपेंटचे समर्थन आम्ही करीत नाही. तो दगडाचा श्वास कोंडतो, आतला ओलावा बाहेर पडू देत नाही, आणि पोपडा सुटतो तेव्हा दगडाचा थर बरोबर घेऊन सुटतो. पण शेंदूर? एका वीरगळावर गावातल्या बायका शंभर वर्षे शेंदूर लावीत असतील, तर तो दगड त्यांच्या दैवताचा आहे. वीरगळांच्या अभ्यासाला ज्यांनी नव्याने गती दिली त्या एस. सेट्टर आणि ग्युंथर सोन्थायमर यांचा स्मृतिशिळांवरील ग्रंथ १९८२ साली निघाला. मृत वीराचा दगड पुढे देव कसा होतो, हे जाणून घ्यायचे असेल त्याने तो जरूर पाहावा. मळ आणि पूजा यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने दगडाला हात लावू नये. त्या गावाला न विचारता रविवारच्या चार तासांत ते कवच ब्लोलँपने जाळून काढणारे 'इतिहासप्रेमी' आम्ही छायाचित्रांत पाहिले आहेत. आगीने तापलेल्या दगडाचे टवके उडतात. शेंदूर निघतो, शिल्पातल्या घोड्याचे तोंडही निघते.

तिसरा आक्षेप वैयक्तिक होता. आम्ही कारकून, आणि नियम दाखवून काम अडवणे हा आमचा धर्म, असे कोणी म्हणाले. सभेत हशा पिकला. हरकत नाही. मग नियमच दाखवतो. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्याखाली देशातील सुमारे ३,७०० स्मारके केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भिलाई-३ जवळचे देवबलोद्याचे शिवमंदिर अशांपैकीच एक. महाशिवरात्रीस आपण सारे तेथे जातो, आणि तेथे बाटली घेऊन जाण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. कारण दाराशी निळा फलक आहे. म्हणजे आपला आदर दगडाविषयी नसून फलकाविषयी आहे! ज्या शिळेला फलक नाही, पहारेकरी नाही, वारस नाही, तिच्यावर आपली मर्दुमकी चालते. कायद्याने जिला वाऱ्यावर सोडले तिची जबाबदारी वास्तविक आपल्यावर अधिक येते.

'मग शेवाळात सडू द्यायचे काय?' हा शेवटचा प्रश्न, आणि तो न्याय्य आहे. आम्ही नुसते नाही म्हणणाऱ्यांतले नव्हे. त्या शिळेनंतर चार वर्षे आम्ही याच विषयावर जे मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले, आणि स्वतःच्या घरामागे पडलेल्या फर्शीच्या तुकड्यांवर करून पाहिले. त्यातून जे हाती आले ते सांगतो.

पहिली गोष्ट ही, की लेख वाचण्यासाठी दगड धुवावा लागतच नाही. सायंकाळी ऊन तिरपे झाले की, किंवा अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या अगदी कडेला धरून तिचा झोत अंगालगत सोडला की, प्रत्येक अक्षराची सावली पडते. दिवसा डोळ्यांना न दिसणारी काना-मात्रा तेव्हा दिसते. त्याच प्रकाशात चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि कृपा करून कोणी पुढे उभे राहू नये. अक्षरांत खडू, पीठ किंवा हळद भरून ती वाचण्याची जी पद्धत आहे तीही सोडावी. चोळताना कडा झिजतात. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची यादी १९१६ मध्ये छापली, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा खंड १९५५ मध्ये सिद्ध केला, आणि आपल्या रतनपूरच्या राजांची वंशावळ त्यात लावून दिली. नागपूरचा हा मराठी पंडित छत्तीसगडचे दगड वाचू शकला, याला त्याच्या विद्वत्तेइतकेच आणखी एक कारण आहे. त्याच्या आधी तेथे आपले मंडळ पोहोचले नव्हते.

दुसरी गोष्ट : दगड स्वच्छ करण्याआधी तो उभा राहण्याइतका धड आहे काय, हे पाहावे. बोटाच्या टिचकीने पोकळ आवाज येत असेल, पापुद्रे सुटत असतील, अंगावरून हात फिरवताच पीठ पडत असेल, तर त्याला पाणीसुद्धा लावू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्यास पत्र लिहावे. उत्तर येईल की नाही, हा प्रश्न वेगळा; पत्राची नक्कल आपल्याजवळ राहते.

दगड धड असेल तर पाणी, मऊ ब्रश आणि सवड, एवढीच सामग्री लागते. अमेरिकेत सैनिकांच्या हजारो संगमरवरी थडग्यांची निगा राखण्यासाठी तेथील नॅशनल पार्क सर्व्हिसच्या प्रशिक्षण केंद्राने निरनिराळी द्रव्ये वर्षानुवर्षे तपासली. त्यांचाही उपदेश असाच आहे : सर्वांत सौम्य उपायापासून आरंभ करा, आणि ब्लीचला हात लावू नका, कारण ब्लीच पांढरे करते आणि मागे क्षार ठेवते. आधी कोपऱ्यातल्या, अक्षर नसलेल्या वितभर जागेवर करून पाहावे आणि ती सुकू द्यावी. मग सगळा दगड साध्या पाण्याने चिंब भिजवावा. कोरड्या दगडावर ब्रश फिरवू नये. ब्रश नायलॉनचा किंवा केसांचा, ज्याने आपल्या गालाला इजा होणार नाही असा. खालून वर जावे, म्हणजे वरचा मळका ओघळ खालच्या कोरड्या अंगावर डाग पाडीत नाही. साबण लागलाच तर क्षार नसलेला, नावापुरता, आणि त्याच्या दुप्पट वेळ धुणे. आपल्याकडे विंधणविहिरीचे पाणी इतके जड असते की सुकल्यावर तेच पांढरा थर ठेवते; म्हणून पावसाचे साठवलेले पाणी उत्तम. वैशाखातल्या दुपारी, दगड तव्यासारखा तापलेला असताना हे करू नये. फवाऱ्याचे यंत्र घरी मोटार धुण्यासाठी ठेवावे.

दगडावर जी राखी, पिवळट, चकतीसारखी वाढ दिसते ते आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद. ते खरवडून काढण्याची घाई सर्वांना असते. त्याची मुळे म्हणावीत असे तंतू दगडात शिरलेले असतात, आणि कोरडे असताना ओढले तर दगडाचे कण घेऊन निघतात. ते भिजवावे, फुगू द्यावे, बांबूच्या कामटीने हलकेच उचलून पाहावे. जे येईल ते येईल, जे येणार नाही ते राहू द्यावे. ते वर्षाला काही मिलिमीटर वाढते. त्याने ज्या अक्षरावर बसायला शंभर वर्षे घेतली ते अक्षर आपल्या एका रविवारी मोकळे झालेच पाहिजे, असा हट्ट का?

ताजमहालाला मुलतानी मातीचा लेप देतात, आपणही देऊ, असे एक उत्साही तरुण म्हणाले. तो लेप पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ देतात, संगमरवर पाहून देतात, आणि शुद्ध पाण्याने उतरवतात. दुकानातली पुडी आणून केलेला प्रयोग हा त्या लेपाचा अपमान आहे.

आणि दगडाभोवती करण्यासारखे इतके काम पडले आहे, की ज्यांचे हात शिवशिवतात त्यांना वर्षभर पुरावे. पायाशी साचणारे पाणी चर खणून बाजूला काढावे. फटीत उगवलेला पिंपळ उपटू नये. तो कोवळा असतानाच कापावा, नाहीतर मुळांबरोबर शिळाच हलते. कलंडलेला दगड सरळ करताना सिमेंटचा चौथरा घालू नये. सिमेंट दगडापेक्षा कठीण, त्यातून ओलावा सुटत नाही, आणि त्यातले क्षार दगडाच्या बुडाशी चढतात. चुन्याचे काम जाणणारा गवंडी अजून खेड्यात सापडतो. न सापडला तर नुसती मुरमाची भर बरी. ही कामे छायाचित्रात उठून दिसत नाहीत, हे आम्हांला ठाऊक आहे. पूर्वीचा काळा आणि नंतरचा पांढरा, असे जोडचित्र चर खणल्याने मिळत नाही.

हे सारे आम्ही खेड्यातल्या एका शिळेबद्दल बोललो, पण आमच्या गावच्या व आसपासच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींतल्या थडग्यांनाही ते तंतोतंत लागू आहे. तेथेही नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणदिनी घरची माणसे येतात, आणि त्यांच्याही पिशवीत तीच बाटली असते.

आम्ही मूळ ठरावास दुरुस्ती सुचविली आहे. 'संपूर्ण स्वच्छता' या शब्दांऐवजी 'नोंद व जपणूक' असे शब्द घालावेत. सामग्रीच्या यादीतून ॲसिड, तारेचे ब्रश, ग्राइंडर, फवारायंत्र व ऑइलपेंट वगळून विजेरी, मोजपट्टी, वही, मऊ ब्रश आणि पाण्याच्या बादल्या घालाव्यात. त्या त्या गावाच्या पंचांची संमती आधी घ्यावी. पहिल्या वर्षी एकही दगड धुऊ नये, फक्त नोंदी कराव्यात. आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर शिवनाथेच्या काठची ती शिळा तिच्या आजच्या स्थितीत, कोणी काय केले त्या तपशिलासह, आमच्या नावानिशी लिहावी. दुरुस्तीची प्रत कार्यवाहांना आम्ही माघ शुद्धात समक्ष दिली. पोच मागितली, तेव्हा ते म्हणाले, "घरातल्या माणसांत कसली पोच?" पुढची सभा चैत्रात आहे.